डाय कमीत कमी

पाटबंधारे खात्यातले वरिष्ठ लिपिक भाऊसो शिंगे यांचे केस काळेभोर आहेत, हे एक सरकारी सत्य होतं. म्हणजे ते ओळखपत्रावरच्या फोटोत होतं, आणि त्यात खरं किती ते सगळ्यांना ठाऊक असूनही त्यावर कोणी शेरा मारत नव्हतं. भाऊसोंची समजूत अशी की एकोणीस वर्षांत ही गोष्ट आपण, आपली बायको आक्काताई आणि मोरीतला आरसा यांच्यापलीकडे गेलेली नाही. दर दुसऱ्या रविवारी सकाळी ते अर्ध्या वाटीत काळी पावडर कालवत, जुना टूथब्रश घेत आणि मोरीचं दार आतून लावत. मागची बाजू आक्काताई लावून देत. मग तासभर डोक्याला फडकं गुंडाळून पेपर वाचत बसायचं, आणि कोणी आलंच तर डोकं दुखतंय म्हणून सांगायचं. एकोणीस वर्षं नेमकं दर दुसऱ्या रविवारी ज्याचं डोकं दुखतं त्या माणसाची गल्लीला काळजी कशी वाटत नाही, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

दोन हजार नऊच्या जानेवारीत त्यांच्या पोटात डावीकडे दुखायला लागलं. चार दिवस गोळ्या गिळून झाल्या, मग आक्काताईंनी त्यांना धरून डॉक्टर तेजस्वी घोरपडे यांच्याकडे नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, आणि दोघं नवराबायको रिपोर्ट ऐकायला डॉक्टरीणबाईंच्या समोर बसली.

आता इथे भाऊसोंच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. त्यांना तंद्री लागे. ऑफिसात कालव्याच्या आवर्तनाचा तक्ता उघडला की ते आकडे सोडून पाण्याबरोबर निघत, आणि साहेबांनी हाक मारेपर्यंत दोन-तीन गावं मागे पडलेली असत. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तर माशांची काचपेटी होती. डाव्या किडनीच्या अंगाला एक गाठ दिसते आहे, ती पाण्याची की मांसाची हे सोनोग्राफीत कळत नाही, सीटी स्कॅन करावा लागेल, इथपर्यंत त्यांनी नीट ऐकलं. गाठ हा शब्द ऐकला आणि त्यांची नजर आपोआप काचपेटीकडे वळली. एक नारंगी मासा प्लॅस्टिकच्या किल्ल्याच्या दारातून आत जात होता आणि मागून बाहेर येत होता. भाऊसो त्याच्याबरोबर आत गेले. किल्ल्यात गार, हिरवा उजेड होता. मागे कुठेतरी आक्काताई काहीतरी विचारत होत्या, डॉक्टरीणबाई काहीतरी समजावत होत्या, पण ते आवाज पाण्याच्या वरचे होते.

ते वर आले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "तर काका, डाय कमीत कमी. तुमच्या किडनीला तो झेपायचा नाही. आता नवीन मशीन आलंय, त्याला डाय निम्मा पुरतो. तरीपण दोन आठवडे थांबू आणि परत रक्त बघू."

एवढं बोलून त्यांनी चष्म्यावरून भाऊसोंच्या कपाळाच्या वर पाहिलं. निदान भाऊसोंना तरी तसंच वाटलं. ते कानापर्यंत लाल झाले. एकोणीस वर्षांत सख्ख्या मेहुण्याला जे कळलं नाही ते या पोरीनं रक्त तपासून ओळखलं होतं. विज्ञान फार पुढे गेलं आहे, असं त्यांना मनापासून वाटलं. ते नुसतं 'बरं' म्हणाले आणि उठले.

परतीच्या केएमटी बसमध्ये त्यांनी प्रकरणाचा सांगोपांग विचार केला. डाय मुळांना लागतो, मुळं तो पितात, आणि वरच्या अंगाला सोडलेलं पाणी आज ना उद्या खालच्या चारीत झिरपणारच, हे पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एकोणीस वर्षांचा झिरपा किडनीत साठून राहिला होता. राहता राहिला मशीनचा प्रश्न. जुन्या मशीनला माणूस गडद असल्याशिवाय दिसत नसेल, नव्याला फिकटही दिसत असेल. निम्मा पुरतो म्हणजे अर्धं डोकं काळं ठेवलं तरी चालणार होतं, पण किडनीच्या बाबतीत अर्धवटपणा नको म्हणून त्यांनी पुरता निर्णय घेतला.

"आजपासनं डाय बंद," ते आक्काताईंना म्हणाले.

आक्काताई नेसरीच्या. त्या बाजूची माणसं मोठ्यानं बोलतात, आणि आक्काताईंचा साधा निरोपसुद्धा तिसऱ्या घरात पोचे. पण त्या दिवशी त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बंद करा. चांगलंच हाय की." मग त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

पहिले आठ दिवस शांततेत गेले. दुखण्याच्या गोळ्या आक्काताईंनी उचलून कुठेतरी टाकल्या आणि दर तासाला एक तांब्या पाणी त्या नवऱ्याच्या पुढ्यात ठेवू लागल्या. भाऊसोंच्या दृष्टीने या किरकोळ बाबी होत्या. मूळ उपचार डोक्यावर चालू होता. ते पाणी प्यायचे, उन्हात पायरीवर बसायचे आणि अंगातून पाणी कसं खाली चाललं असेल ते बघत राहायचे. एकदा डोळा लागला तर त्यांना स्वप्न पडलं की सगळं कोल्हापूर पांढऱ्या केसांचं झालं आहे. रंकाळ्याच्या काठानं पांढरी डोकी सावकाश फिरत आहेत, कोणाला काही लपवायचं नाही, आणि वाऱ्यानं सगळ्यांचे केस एकाच बाजूला हलत आहेत. जागे झाले तेव्हा पुढ्यात तांब्या होता.

नवव्या दिवशी डोकं दोन मजली दिसायला लागलं. तळमजला पांढरा, वरचा काळा. शेजारचे पिराजी, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले आणि स्वतः मिशीला डाय लावणारे, कुंपणावरून वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि मग सल्ला द्यायला आत आले. मेंदीत बीट किसून घाला म्हणाले. लोखंडी कढईत आवळा रात्रभर भिजवा म्हणाले. शेवटी, पुण्याला एक जण अगदी खऱ्या केसांचा टोप बसवून देतो, पावसात भिजला तरी हलत नाही, अशीही माहिती त्यांनी पुरवली. पलीकडच्या धोंडुबाईंनी वेगळाच मार्ग धरला. त्या वाटीभर खीर घेऊन आल्या आणि आक्काताईंना बाजूला घेऊन, घरात काय वाईट झालंय का, म्हणून विचारू लागल्या. इतक्या वर्षांचा डाय माणूस असा एकाएकी सोडतो म्हणजे काळजाला काहीतरी लागलं असणार, असा त्यांचा हिशेब होता. आक्काताई खीर घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

भाऊसोंना गल्लीची ही दया सोसवेना. ते तडक न्हाव्याकडे गेले आणि वरचा मजला पाडायला सांगितलं. मशीन फिरलं आणि आरशात एक पांढराशुभ्र, बारीक केसांचा, अनोळखी म्हातारा बसलेला दिसला. भाऊसोंनी त्याला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला.

दोन आठवड्यांनी रक्त परत तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती थकली आहे ते सांगणारा आकडा, एक पॉइंट आठवरून एक पॉइंट तीनवर उतरलं होतं. रिपोर्ट घेऊन आक्काताई एकट्याच डॉक्टरीणबाईंना भेटून आल्या. तुम्ही उगाच कशाला दगदग करता म्हणाल्या. स्कॅनला आता हरकत नाही, असा निरोप त्यांनी आणला. गोळ्या बंद झाल्या आणि पोटात पाणी गेलं म्हणून आकडा उतरला, ही गोष्ट कोणाही शहाण्या माणसाला कळली असती. पण भाऊसोंच्या हातात आता प्रयोग सिद्ध झाल्याचा कागद होता, आणि ज्याच्या हातात कागद आहे त्या सरकारी माणसाला थांबवणं अवघड असतं.

त्यांनी तो कागद आधी पिराजींना दाखवला. पिराजींनी आकडा दोनदा वाचला, मिशीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या दिवशी मिशी उतरवूनच टाकली. मग रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींची पाळी आली. रविवारी विहारात वंदना झाल्यावर भाऊसोंनी परवानगी घेऊन 'डाय आणि किडनी' या विषयावर दहा मिनिटं विचार मांडले. त्यात झिरपा, चारी आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, टेलचा शेतकरी यांचे दाखले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई मागच्या दारानं निघून गेल्या आणि पुढच्या रविवारी डोक्यावर पदर घेऊन आल्या. पंधरा-वीस दिवसांत चौदा डोकी पांढरी झाली. खात्यातले कार्यकारी अभियंता साहेबसुद्धा टोपी घालून ऑफिसला येऊ लागले आणि विचारलं तर सर्दी झाली आहे म्हणत.

स्कॅनची तारीख मात्र पुढे पुढे जात होती. पहिल्यांदा नव्या मशीनसाठी गर्दी होती. दुसऱ्यांदा खर्च मिळण्यासाठी खात्याची आगाऊ परवानगी हवी होती, आणि परवानगीच्या अर्जावर आस्थापनेच्या कारकुनानं 'डाय कमी लागतो म्हणजे नेमका किती, खुलासा व्हावा' असा शेरा मारला. भाऊसोंनी स्वच्छ अक्षरात खुलासा केला की पूर्वी पाक्षिक एक वेळ लागत असे, सध्या निरंक आहे. कारकुनाला निरंक हा शब्द समजला आणि त्यानं फाइल पुढे पाठवली.

तिसऱ्यांदा ती दोघं स्कॅन सेंटरमध्ये पोचली, तर खिडकीतल्या बाईंनी ओळखपत्र हातात घेतलं, फोटोकडे पाहिलं, भाऊसोंकडे पाहिलं आणि विचारलं, "पेशंट कुठायत? तुम्ही त्यांचे वडील का? मग मुलगा कुठाय?"

भाऊसोंनी मीच तो म्हणून सांगितलं. बाईंनी कार्ड उजेडात धरलं. फोटोतला माणूस चाळिशीचा आणि कोळशासारख्या केसांचा होता. परवानगीपत्र ज्या कर्मचाऱ्याच्या नावावर आहे तोच मशीनमध्ये झोपला पाहिजे, असा नियम आहे, आणि गेल्याच महिन्यात एक जण भावाच्या नावावर झोपून गेला, असं बाई म्हणाल्या. आक्काताई पुढे झाल्या आणि हाच माझा नवरा, म्हणाल्या. त्याला लेखी आधार नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊसो टोपीवाल्या साहेबांसमोर उभे राहिले. आयुष्यभर इतरांना दाखले देण्यात गेलेल्या माणसावर स्वतः स्वतःच असल्याचा दाखला मागायची वेळ आली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. साहेबांनी मजकूर स्वतः सांगितला: 'दाखला देणेत येतो की, छायाचित्रातील इसम व श्री. भाऊसो शिंगे हे एकच असून फक्त केसांच्या रंगात बदल झालेला आहे. बाकी इसम पूर्ववत आहे.' सही करताना साहेबांनी टोपी जरा वर सरकवून कपाळ खाजवलं, आणि आतला पांढरा पट्टा भाऊसोंना दिसला. दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

अखेर फेब्रुवारीच्या एका गुरुवारी भाऊसो पाठीला नाड्या असलेला हिरवा झगा घालून स्कॅनच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसले. आक्काताई व्हरांड्यात थांबल्या. मशीन चालवणारा सम्राट नावाचा मनुष्य, तिशीतला, शांत, गडहिंग्लजकडचा, फॉर्म घेऊन समोर बसला.

"यापूर्वी कधी डाय घेतलाय?" त्यानं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भाऊसोंनी मान ताठ केली. "एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "दर पंधरा दिवसांनी."

सम्राटचं पेन थांबलं. "दर पंधरा दिवसांनी? कुठं?"

"घरीच. मोरीत."

"घरी कोण देतं?"

"मी माझा घेतो. मागच्या बाजूला मिसेस."

सम्राटनं पेन खाली ठेवलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "किती एमएल?"

"ते मोजलं नाही. दोन चमचे पावडर, अर्धी वाटी कोमट पाणी. टूथब्रशनं."

टूथब्रश या शब्दावर सम्राटची नजर पहिल्यांदाच फॉर्मवरून उठून भाऊसोंच्या डोक्यावर गेली आणि तिथेच राहिली. तो भला माणूस होता. तो हसला नाही. एक मिनिट हं, म्हणून तो काचेपलीकडच्या खोलीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. काचेतून त्याचे खांदे हलताना भाऊसोंना दिसले, पण त्याचा अर्थ त्यांना लागला नाही.

परत येऊन त्यानं सगळं समजावून सांगितलं. डाय म्हणजे एक औषध. ते हाताच्या शिरेतून सोडतात, म्हणजे रक्ताच्या वाटा आणि गाठी फोटोत उठून दिसतात. ते बाहेर टाकायचं काम किडनीचं, म्हणून किडनी थकलेल्याला जपून द्यायचं. "जुनं मशीन सावकाश चालायचं बघा काका. ते पोटभर फिरूस्तवर डाय सोडत राहायला लागायचा. हे चार-पाच सेकंदांत मोकळं हुतंय. शिवाय ह्येचं व्होल्टेज कमी ठेवलं की थोडा डायबी ठळक दिसतोय. म्हणून निम्म्यात भागतंय."

"म्हणजे आवर्तन लहान केलं की पाणी कमी लागतं," भाऊसो खालच्या आवाजात म्हणाले.

"व्हय की. आसंच," सम्राट म्हणाला.

भाऊसोंच्या डोळ्यांसमोरून चौदा पांढरी डोकी ओळीनं गेली. पिराजींची मिशी गेली, साहेबांची टोपी गेली, विहारातली दहा मिनिटं शब्द न् शब्द कानांत वाजली. आपण जन्मात इतके वेडे ठरलो नव्हतो, असं त्यांना वाटलं. आणि ही लाज ओसरल्यावर तिच्या मागे उभी असलेली गोष्ट त्यांना दिसली. पाच आठवडे ते डोक्यावर हात ठेवून हिंडत होते, आणि गाठ पोटात होती. ती पाण्याची की मांसाची, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. मला भीती वाटते, असं त्यांनी सम्राटला सरळ सांगून टाकलं. सम्राटनं त्यांचा हात धरून त्यांना फळीवर झोपवलं.

खोली गार होती. मोठ्या पांढऱ्या कड्यातून फळी आत गेली, आणि कुठूनसा एक बाईचा आवाज हिंदीत श्वास रोखायला सांगू लागला. भाऊसोंनी श्वास रोखला. मग हातातून ऊब निघाली. ती खांद्यात आली, घशात आली, जिभेवर लोखंडाची चव ठेवून छातीतून खाली गेली, पोटात पसरली, मांड्यांपर्यंत उतरली, आणि क्षणभर त्यांना वाटलं की आपण झग्यातच लघवी केली. तसं काही झालेलं नव्हतं. वरच्या अंगाला दार उघडलं होतं आणि पाणी चारीचारीतून चाललं होतं, इतकंच. भाऊसो त्या पाण्याबरोबर निघाले. दोन्ही बाजूंना ऊस होता, ऊन कोवळं होतं, आणि ते गाठीपाशी पोचणार एवढ्यात आवाजानं श्वास सोडायला सांगितलं. झालं म्हणे.

तासाभरानं डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला लावले. एक गोल, काळा, स्वच्छ डाग त्यांनी बोटानं दाखवला. डाय आजूबाजूला सगळीकडे गेला आहे, गाठीत अजिबात शिरला नाही, याचा अर्थ ही साधी पाण्याची गाठ, असं त्या म्हणाल्या. काही करायचं नाही. वर्षानं एकदा बघायचं, दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, पाणी प्यायचं. या खेपेला भाऊसोंनी काचपेटीकडे पाहिलं नाही. प्रत्येक शब्द ऐकला.

दोघं बाहेर येऊन बसथांब्यावर बसली. भाऊसोंना सांगावंसं वाटत होतं आणि सांगवत नव्हतं. दोन बस गेल्या. शेवटी रस्त्याकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं: डाय कुठला, आपण समजलो काय, आणि त्या सम्राटसमोर काय शोभा झाली ती.

"मला ठावं हाय," आक्काताई म्हणाल्या.

"सम्राटनं सांगितलं?"

"न्हाय. त्याच दिवशी, बसमधी कळलं. तुमी म्हणालासा डाय बंद, तवाच."

भाऊसोंनी मनातल्या मनात मोजलं. पाच आठवडे. डोकं दोन मजली झालं, गल्लीनं खीर आणली, पिराजींनी मिशी उतरवली, खात्याकडून दाखला घ्यायची वेळ आली, आणि ही बाई दर तासाला पाण्याचा तांब्या ठेवत गप्प राहिली. त्यांना राग आला. अगं मग एका शब्दानं सांगायचं, गावात माझं हसं झालं, असं ते बोलले.

"सांगणार हुते," आक्काताई म्हणाल्या. "पर तुमचं सगळं ध्यान केसात हुतं. सकाळी उठलं की आरसा, सांजंला आरसा. गाठीचं एकदाबी नाव काढलं न्हाईसा. रातीला गाढ झोपत हुतासा. मी म्हटलं, आसू दे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "दोघांनी कशाला भ्यायचं? भ्यायला मी हुते की."

भाऊसोंनी पाहिलं की पाच आठवड्यांत आक्काताईंच्या गळ्याची हाडं वर आली आहेत, आणि हे आपल्याला आज दिसलं. बस आली. त्यांनी आधी आक्काताईंना चढवलं आणि खिडकीची जागा दिली.